भीती रिप्रोड्यूस होत नाही म्हणे!

मागचे दोन वीकेंड काहीच लिहिलं नाही, त्याला कारण रिलीज. आज मात्र भांडायचं ठरवूनच बसलोय. विषय जरा आडवळणाचा आहे. भीतीदायक कॉम्प्युटर गेम्स, त्यातही जुन्या पद्धतीचे पॉइंट अँड क्लिक गेम्स, आणि त्यांच्यावर लोक जी मतं ठोकून देतात ती मतं. ज्यांना गेम्समध्ये काडीचा रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण भांडण काही फक्त गेम्सपुरतं नाहीये.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'स्लो आहे', 'काही घडतच नाही', 'भीतीच वाटली नाही' ही जी तीन मतं अशा प्रत्येक गेमच्या वाट्याला येतात ना, ती बहुतेक वेळा गेमबद्दल नसतातच. ती खेळणाऱ्याच्या डोक्यावरच्या ट्यूबलाइटबद्दल असतात, शेजारी उघड्या असलेल्या चॅटबद्दल असतात, आणि दहा मिनिटं काही कळलं नाही तर जीव कासावीस होणाऱ्या आपल्या सवयीबद्दल असतात. नुसती मतं असती तर सोडून दिलं असतं. पण आता या मतांवर कुणाचा गेम विकला जाणार आणि कुणाचा नाही हे ठरतं. म्हणून भांडायचं.

नमुन्यासाठी एकच गेम घेतो. 'स्क्रॅचेस'. २००६ साली अर्जेंटिनातल्या न्यूक्लिओसिस नावाच्या चिमुकल्या कंपनीने काढलेला. आगुस्तिन कोर्देस हा त्याचा मुख्य कर्ता. गोष्ट १९७६ सालची, उत्तर इंग्लंडातली. मायकेल आर्थेट नावाचा लेखक शांतपणे पुस्तक लिहायचं म्हणून ब्लॅकवुड मॅनर नावाच्या जुन्या घरात एकटाच राहायला येतो. तीन दिवसांची गोष्ट. घरात वीज नाही, फोन तेवढा आहे. घराच्या आधीच्या मालकावर बायकोच्या खुनाचा आळ होता. आणि रात्री कुठूनतरी ओरखडे काढल्यासारखा आवाज येतो. बस्स. यापुढचं सांगणार नाही, कारण कुणी खेळायला घेतलाच तर मला शिव्या बसतील.

खेळायचं कसं, तर एका जागी उभं राहून माऊसने चौफेर बघायचं, क्लिक केलं की पुढच्या जागी जायचं. ड्रॉवर उघडायचे, जुनी पत्रं वाचायची, किल्ली सापडली तर ती कुठल्या कुलपाची हे शोधत फिरायचं. हातात बंदूक नाही, धावायला बटण नाही. पडद्यावर बहुतेक वेळ एक रिकामं घर आणि कानात त्या घराचे आवाज. १९९३ साली आलेल्या 'मिस्ट'पासून ही पद्धत लोकांना माहीत आहे.

हा गेम माझ्याकडे मावसभावाच्या जुन्या डिस्कमधून आला. माझ्या एका म्हाताऱ्या लॅपटॉपवर तो अजून चालतो. तर गेल्या काही महिन्यांत मी तो लॅपटॉपच ओळखीच्या लोकांत फिरवला. म्हटलं बघू काय म्हणतात. चार जणांची मतं आली.

पहिला, आमच्या टीममधला टेस्टर. याने लंचच्या सुट्टीत ऑफिसच्या पँट्रीत बसून पाऊण तास खेळला. निकाल: "भीती वाटली नाही. फारच स्लो आहे राव."

दुसरा, पुण्याचा माझा रूममेट. याने मोबाइलवर वॉकथ्रू उघडून, म्हणजे पायरीपायरीने उत्तरं लिहिलेलं पान समोर ठेवून, एका संध्याकाळीत गेम संपवला. निकाल: "ठीक आहे, पण पुढे काय होणार ते आधीच कळतं." अरे, कळणारच ना! तू आधी पुढचं पान वाचून मग क्लिक करत होतास!

तिसरा, आमचा लीड. हा खेळलाच नाही. त्याने विचारलं, "किती तासांचा आहे?" म्हटलं, असेल आठ-दहा तासांचा. "मग असल्या गेमला पैसे घालणं परवडत नाही. तेवढ्यात शंभर तासांचे गेम मिळतात." विषय संपला.

चौथी, धुळ्याची माझी मावसबहीण. बँकेत आहे, गेम्सशी तिचा संबंध म्हणजे मोबाइलवरची कँडी. पोरं झोपली की हेडफोन लावून, दिवा बंद करून ती तीन रात्री खेळली. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन. "दादा, काल तळघराच्या जिन्यापाशी सेव्ह केलं आणि झोपले. खाली गेलेच नाही. आता सकाळी उजेडात जाते." गेम चांगला की वाईट यावर तिने एक शब्द काढला नाही. पण मला विचाराल तर चौघांत तिच्याच बोलण्यात गेमबद्दल काहीतरी माहिती आहे.

गंमत बघा. ही चार मतं कुठल्याही गेमच्या दुकानात टाकली तर तीन अंगठे खाली, एक वर. म्हणजे पंचवीस टक्के. म्हणजे गेम भंगार.

आता त्या टेस्टरकडे परत येऊ, कारण तो माझा मित्र आहे आणि त्याच्याशी भांडायला मला हक्क आहे. हाच माणूस, मी त्याला नुसतं 'पेज उघडत नाहीये' असं लिहून पाठवलं तर काय करतो? परत पाठवतो. कुठलं बिल्ड, कुठला ब्राउझर, कुठलं एन्व्हायर्न्मेंट, कुठल्या स्टेप्सनी प्रॉब्लेम आला, अपेक्षित काय होतं आणि झालं काय, हे सगळं लिहून दे म्हणतो. बरोबरच आहे त्याचं. त्याशिवाय रिपोर्टला अर्थ नाही. मग भीतीवर मत देताना हा नियम कुठे जातो? त्याचं एन्व्हायर्न्मेंट काय होतं, तर डोक्यावर चार ट्यूबलाइट, शेजारी कॉफी मशीनची घरघर, समोर डबा, आणि लॅपटॉपचा आवाज बंद, कारण पँट्रीत बरं दिसत नाही. आवाज बंद! ज्या गेमचं नावच 'ओरखडे' आहे तो गेम आवाज बंद करून! आणि वर रिपोर्ट, की भीती रिप्रोड्यूस होत नाही, तिकीट क्लोज.

कुणी म्हणेल, चांगला गेम असेल तर कुठेही भीती वाटायला पाहिजे. अजिबात नाही. आपण उसाचा रस उन्हात पितो आणि आइस्क्रीम वितळायच्या आत खातो, तेव्हा नाही म्हणत की चांगलं असेल तर कसंही चांगलं लागलं पाहिजे. नारायण धारपांची पुस्तकं तुमच्यापैकी कुणी एसटी स्टँडवर भर दुपारी, खांद्यावर बॅग आणि एक डोळा बोर्डावर ठेवून वाचली आहेत का? वाचून बघा. तेच पुस्तक रात्री, घरातले झोपल्यावर वाचा. पुस्तक बदललं नाही, अक्षरं तीच. भीतीची गोष्ट अर्धी लेखकाने लिहिलेली असते आणि उरलेली आपल्या खोलीतल्या अंधारावर सोडलेली असते. तो अंधार तुम्ही दिला नाहीत तर दोष धारपांना कसा देणार?

आता 'स्लो'बद्दल. हा आरोप मला सगळ्यात जास्त झोंबतो, कारण तो ज्या गोष्टीला दोष म्हणतो तीच त्या गेमची मशीन आहे.

घाबरण्याचे दोन प्रकार असतात. एक दचकणं. मागून कुणी येऊन 'भॉ' केलं, कुकरची शिट्टी अचानक वाजली, फटाका फुटला, की माणूस दचकतो. ही शरीराची प्रतिक्रिया आहे, तिला गोष्ट लागत नाही, पात्र लागत नाही, अक्कलही लागत नाही. मोठा आवाज आणि अचानक आलेला चेहरा एवढं पुरतं. दुसरी भीती म्हणजे आता काहीतरी होणार आहे आणि ते काय ते आपल्याला माहीत नाही ही. हिला वेळ लागतो. त्याला दुसरा इलाजच नाही.

का लागतो ते सांगतो. जे घर तुमच्या ओळखीचं नाही त्या घरात काही बदललं तर तुम्हाला कळणार कसं? आपल्या घरात रात्री बाथरूमचा नळ ठिबकला तर कळतं, कारण रोज रात्री तो ठिबकत नसतो. हॉटेलच्या खोलीत ठिबकला तर आपण म्हणतो, असेल. 'स्क्रॅचेस' पहिला आख्खा दिवस तुम्हाला त्या घरात नुसता फिरवतो. वरचा मजला, स्वयंपाकघर, देवघर म्हणावं तसं चॅपल, काचेची बाग. तुम्ही कंटाळता, वैतागता, आणि न कळत तुम्हाला ते घर पाठ होतं. कुठलं दार कुठे जातं, जिना कुठे आहे, सगळं. आणि मग रात्री आवाज येतो. आता तो आवाज एका ओळखीच्या घरात येतोय. पहिल्या दिवसाचा कंटाळा हा या आवाजासाठी भरलेला ॲडव्हान्स आहे. ॲडव्हान्स न भरता फ्लॅटचा ताबा मागायचा आणि मिळाला नाही की बिल्डरला शिव्या द्यायच्या, असं झालं हे.

दुसरी गोष्ट क्लिकची. सिनेमात नायिका अंधाऱ्या खोलीचं दार उघडायला जाते तेव्हा आपण खुर्चीत बसून 'नको जाऊ बाई' म्हणतो. ती जातेच. आपली जबाबदारी शून्य. पॉइंट अँड क्लिकमध्ये दार आपोआप उघडत नाही. तुम्ही क्लिक करेपर्यंत गेम वाट बघतो. पाच मिनिटं बघेल, रात्रभर बघेल. धुळ्याची माझी बहीण तळघराच्या जिन्यावरून परत फिरली ना, तो निर्णय तिचा होता, गेमने तिला हाकललं नव्हतं. कुठल्या सिनेमाला हे जमतं? पळापळीच्या गेममध्येही हे जमत नाही, कारण तिथे विचार करायला वेळच नसतो. इथे वेळच वेळ आहे. सगळी भीती त्या वेळात आहे. आणि आपले पठ्ठे म्हणतात, यात वेळ फार जातो.

इंग्लंडचा जोनाथन बोक्स नावाचा एक गृहस्थ आहे. त्याने २००२ साली जवळपास एकट्याने 'डार्क फॉल' बनवला. एक ओसाड रेल्वे स्टेशन आणि त्याला लागून असलेलं हॉटेल, एवढंच त्यात आहे. हॉटेलातली माणसं १९४७ साली गायब झालेली. समोर कुणी येत नाही. आपण मोकळ्या खोल्यांतून फिरतो आणि तिथे राहिलेल्यांच्या वस्तू बघतो. आमच्या बाजूला ज्याने भुसावळला उतरून रात्री दोनच्या कनेक्टिंग गाडीची वाट बघितली आहे, त्याला या गेममध्ये काय भीतीदायक आहे हे सांगावं लागणार नाही. गाडी लेट, प्लॅटफॉर्म रिकामा, आणि टोकाच्या अंधारात कुणीतरी उभं आहे की नुसता खांब आहे ते कळत नाही. तिथे काय 'घडतं'? काहीच नाही. तरी आपण बॅग जवळ ओढून बसतोच ना?

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते कबूल करायला पाहिजे, नाहीतर मी आंधळा भक्त ठरेन. या प्रकारच्या गेम्सनी स्वतःच्या पायावर भरपूर धोंडे मारून घेतलेत. १९९९ साली आलेल्या 'गॅब्रिएल नाइट ३'मध्ये एक कोडं आहे. नायकाला दुसऱ्या माणसाच्या नावावर मोटरसायकल भाड्याने घ्यायची असते, म्हणून तो मांजराचे केस मिळवून, ते चिकटवून खोटी मिशी तयार करतो. गंमत म्हणजे ज्याचं सोंग घ्यायचं त्याला मुळात मिशीच नाही! २००० साली 'ओल्ड मॅन मरे' या साइटवर एरिक वोल्पॉ याने या एका कोड्याची सालं काढून असं दाखवून दिलं, की ॲडव्हेंचर गेम्सचा कुणी खून केला नाही, त्यांनी आत्महत्या केली. हाच वोल्पॉ पुढे २००७च्या 'पोर्टल'चा एक लेखक झाला. म्हणजे माणूस नुसता बोंबलणारा नव्हता.

ते मत कसं होतं बघा. कुठलं कोडं, त्यात कुठल्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला खेळणाऱ्याकडून काय अपेक्षा आणि ती का मूर्खपणाची, सगळं लिहिलेलं. याला म्हणतात बग रिपोर्ट! असं मत कडू असलं तरी त्याला माझा नमस्कार. 'स्क्रॅचेस'मध्येही हा दोष आहे. काही ठिकाणी एखादी छोटी वस्तू नजरेतून सुटली तर गोष्ट पुढे सरकतच नाही, आणि तुम्ही तेच घर चार वेळा पालथं घालता. पहिली फेरी भीतीची असते, चौथी फेरी नुसत्या संतापाची. भीतीसाठी लागणारा संथपणा वेगळा आणि डिझायनरच्या चुकीने आलेला अडथळा वेगळा. एकात तुम्हाला जायचं कुठे हे माहीत असतं आणि पाय उचलत नाही. दुसऱ्यात पाय उचलायला तयार असतो आणि जायचं कुठे ते कळत नाही. 'स्लो' या एका शब्दात हे दोन्ही कोंबले की डिझायनरने काय दुरुस्त करायचं? तो बिचारा कोडं तसंच ठेवतो आणि शांतता कापून टाकतो.

अडकलात तर उपायही आहे, आणि तो वॉकथ्रू नाही. युनिव्हर्सल हिंट सिस्टिम नावाची गोष्ट १९८८पासून आहे. तिची युक्ती साधी. तुम्ही जिथे अडकलात तेवढाच प्रश्न उघडायचा, आणि एका वेळी एकच इशारा मिळतो. पहिला अगदी मोघम, पुढचा जरा स्पष्ट, उत्तर सगळ्यात शेवटी. म्हणजे दार ढकलायला कुणीतरी हात लावतं, पण आत जाता तुम्हीच. वॉकथ्रू म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास. पोट भरत असेल, पण मग चवीबद्दल बोलू नये.

आता पैशाचा मुद्दा, कारण खरं दुखणं तिथे आहे.

स्टीम हे कॉम्प्युटर गेम्सचं सगळ्यात मोठं दुकान. तिथे मत द्यायचं म्हणजे अंगठा वर नाहीतर खाली. मधलं काही नाही. खाली चार ओळी लिहिता येतात, पण दुकानात ठळक दिसतो तो टक्का. शिवाय २०१५पासून तिथे असा नियम आहे, की घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. ग्राहक म्हणून नियम उत्तम आहे, मला काढून टाकायचा नाहीये. चालतच नाही असा गेम गळ्यात पडला तर काय करायचं? पण त्याचा परिणाम बघा. ज्या गेमची भीती तिसऱ्या तासाला सुरू होते, त्याचा निकाल दुसऱ्या तासाच्या आत लागतो. चार माणसांची कंपनी असेल तर ती काय करेल? पहिल्या वीस मिनिटांतच कपाटातून भूत बाहेर काढेल. किंचाळी, धडाम, चेहरा! तुम्ही दचकता, व्हिडिओ काढता, मित्रांना दाखवता, अंगठा वर. आणि मग वर्षभराने आपणच रडतो, की हल्ली सगळे गेम सारखेच, नुसते दचकवतात. कुणी मागितलं होतं ते? आपणच ना?

आमच्या लीडचा तासाला किती रुपये हा हिशोब तर मला कळतच नाही. भीती काय किलोवर मिळते? केळीच्या लिलावात बसल्यासारखं काय विचारायचं, की काय भावाने? आठ तासांचा गेम संपल्यावर पुढचे आठ दिवस रात्री पाणी प्यायला उठताना लाइट लावावासा वाटला, तर ते तास कुठल्या कॉलममध्ये लिहायचे?

'पण लोकांना संथ आवडतच नाही' असं म्हणणाऱ्यांना दोन उदाहरणं. एक, वर सांगितलेला 'मिस्ट'. न पळणारा, न मारणारा, एकेक चित्र बदलत जाणारा गेम. चित्रांचा नुसता स्लाइड शो म्हणून त्याला नावं ठेवणारे तेव्हाही होते. २००२मध्ये 'द सिम्स'ने मागे टाकेपर्यंत तो कॉम्प्युटरवरचा सगळ्यात जास्त खपलेला गेम होता.

दुसरं घरातलं. 'तुंबाड'. राही अनिल बर्वेचा सिनेमा, धारपांच्या कथेवरून सुचलेला, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. सिनेमा हिंदी, पण पाऊस, वाडा, आजी सगळं आपलं. ऑक्टोबर २०१८मध्ये आला तेव्हा थिएटरात फारसा चालला नाही. तोच सिनेमा सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त पैसे कमावून गेला. गोष्ट तीच, हस्तर तोच. मधल्या सहा वर्षांत लोकांनी तो घरी, रात्री, सावकाश बघितला आणि एकमेकांना सांगितला. बदललं ते मत, कारण मत देण्याआधी लोकांनी वेळ दिला. सिनेमाला थिएटरमध्ये परत यायची संधी मिळाली. अर्जेंटिनातल्या चार पोरांच्या गेमला सहा वर्षं थांबून परत कोण बोलावणार? कोर्देसचा पुढचा गेम 'असायलम', त्यासाठी २०१३मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा झाली आणि गेम हातात आला तो २०२५मध्ये. बारा वर्षं! इतकं खपून केलेल्या कामावर पाऊण तासात पँट्रीत बसून निकाल द्यायचा?

आता मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. 'अरे, वेळ कुणाला आहे? दिवसभर कॉल, संध्याकाळी ट्रॅफिक, रात्री अमेरिकेवाल्यांची मीटिंग. दोन तास मिळतात, त्यात कुणी कंटाळा का विकत घ्यावा?' मान्य. मीही त्याच चक्कीत दळला जातोय. पण मग न खेळण्याचा पर्याय आहे ना! मला क्रिकेटची टेस्ट बघायला वेळ नाही म्हणून मी बघत नाही. पण एका सेशनमधल्या दहा ओव्हर बघून 'काही घडतच नाही' असं लिहून स्टेडियमच्या दारावर चिकटवत नाही.

आणि खरं सांगू का, मला वाटतं वेळ नसणं हे कारण अर्धंच आहे. आपल्याला न कळण्याची सवय राहिलेली नाही. कामात एरर आली की दहा सेकंदांत ती सर्चमध्ये टाकतो, हल्ली तर एआयलाच विचारतो. पोटापाण्यासाठी ते बरोबर आहे, डेडलाइन असते. पण तोच हात रात्री गेम खेळतानाही मोबाइलकडे जातो. दार का उघडत नाही हे दहा मिनिटं माहीत नसणं आपल्याला सहन होत नाही. आणि न कळणं सहन होत नाही त्याला भीतीची गोष्ट कळणारच नाही, कारण न कळणं हाच तिचा कच्चा माल आहे. नुसती भीतीची गोष्ट तरी कशाला, कुठलीच हळू उलगडणारी गोष्ट त्याच्या वाट्याला येणार नाही. म्हणून सुरुवातीला म्हटलं, भांडण फक्त गेम्सपुरतं नाही.

यात माझा स्वार्थ काय ते सांगतो. मी हे मेहरूणला बसून लिहितोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जळगावला लागून असलेलं जुनं गाव, आता शहरातच आलेलं. तलाव आणि बोरं यांच्यासाठी नाव असलेलं. कंपनी पुण्यात, पण महिन्यातले बरेच दिवस मी इथून काम करतो. इकडच्या केळीच्या पट्ट्यात पंपाची लाइट पुष्कळदा रात्रीच येते. मग माणूस रात्री बारा-एकला बॅटरी घेऊन बागेत मोटर चालू करायला जातो. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली केळी, पानं वाऱ्याने एकमेकांवर घासतात, पायाखाली साप असू शकतो, यावल-रावेरकडे बिबट्याही. आवाज कशाचा ते कळत नाही. मोटर चालू झाली की तिच्या आवाजात बाकी काहीच ऐकू येत नाही, आणि ते जास्त वाईट. माझ्या मते याच्याइतका तयार पॉइंट अँड क्लिक गेम जगात नाही. धाब्याचं घर, बंद पडलेली विहीर, बागेतली खोली, आणि तीन रात्री. आपल्याकडे बनवणारे आहेत. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये 'राजी' काढून दाखवलाच. उद्या खान्देशातलं कुणी पोरगं नोकरी सांभाळून, रात्री जागून असा केळीच्या बागेतला गेम बनवेल. आणि पहिल्याच दिवशी त्याला काय वाचायला मिळेल? 'काय भो, नुसतं चालायचंच आहे यात. स्लो. पैसे परत.' त्या पोराने दुसरा गेम बनवावा असं तुम्हाला वाटत असेल तर आपली मत देण्याची पद्धत आजपासून सुधारायला हवी.

मागणं मोठं नाही. अशा गेमवर मत देताना चार ओळी जास्त लिहा. कधी खेळलात, दिवसा की रात्री. आवाज चालू होता का, हेडफोन होते का. किती वेळ सलग खेळलात आणि शेजारी काय उघडं होतं. वॉकथ्रू बघितला का आणि कुठून पुढे. एवढं लिहून खाली 'मला भीती वाटली नाही' असं लिहिलंत तर मी ते मत मान खाली घालून मान्य करीन. सगळं नीट करूनही भीती वाटली नाही म्हणजे गेम खरंच फसला असेल, आणि बनवणाऱ्याला ते कळायलाच पाहिजे. कोडं मूर्खपणाचं असेल तर तसं स्पष्ट लिहा, वोल्पॉसारखी सालं काढा. फक्त 'स्लो' हा शब्द लिहायच्या आधी एकदा स्वतःला विचारा, की मी अडकलो होतो, की मला दार उघडायचं नव्हतं?

आमच्या टेस्टरला हा लेख पाठवतोय. तिकीट रीओपन केलंय म्हणून सांगितलंय. एन्व्हायर्न्मेंट: रात्र, हेडफोन, दिवा बंद. तो म्हणाला, बघतो पुढच्या स्प्रिंटमध्ये.

असो. पुढच्या वीकेंडला भेटू.